सालाची बेगमी

बेगमी म्हणजे पुढे लागणाऱ्या वस्तूंची आधीच करून ठेवलेली तरतूद. घरखर्च आवरण्यासाठी महाराष्ट्रात पोटाला चिमटा घेण्याआधी खरेदीची वेळ आणि माप बदलले जाई. धान्य सुगीनंतर स्वस्त असते आणि श्रावणात महाग होते. मापट्याने घेतलेले पायलीने घेतलेल्यापेक्षा महाग पडते. घरोघरच्या बायकांना ठाऊक असलेल्या या दोन गोष्टींभोवती साठवणुकीची एक सबंध व्यवस्था उभी राहिली.

खेड्यात रोख पैसा क्वचितच हाताळला जाई. न्हावी, कुंभार, सुतार, लोहार यांना वर्षाचे बलुते धान्यातच मिळे. त्यामुळे घरात धान्य असणे हीच ऐपत होती आणि ते टिकवणे ही खरी बचत. घरात शेणामातीने लिंपलेल्या कणग्या असत, वाड्यांमध्ये भिंतीच्या पोकळीत बळदे असत. ज्वारीच्या मुलखात जमिनीत पेवे खणत. पेवाचे तोंड बंद केले की आत हवा खेळत नसे, म्हणून किडीचा जीव गुदमरे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, कारण तीच कोंडलेली हवा माणसालाही मारू शके. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आज भलत्याच गोष्टींना लावला जातो; त्यामागे एकदम बाहेर पडणाऱ्या धान्याचे चित्र आहे. गव्हाला एरंडेल चोळत, कडधान्यांना राख फासत, डब्याच्या तळाशी कडुनिंबाचा पाला घालत.

कोकणात या तरतुदीला आगोटीची खरेदी म्हणतात. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. एकदा पाऊस लागला की होड्या बंद आणि वाटा चिखलात, म्हणून मे महिन्यातच सुकट, सुके बोंबील, मीठ, मसाला, आमसुले, चिंच, फाटी आणि गोवऱ्या घरात येत. पावसाच्या चार महिन्यांत बाजार गाठता येत नसे, तेव्हा बेगमी नसलेल्या घराला शेजाऱ्यापुढे हात पसरावा लागे.

विसाव्या शतकात नोकरदार वर्ग शहरात आला आणि ही रीत सोबत घेऊन आला. पुण्यातील वाड्यांत, मुंबईत गिरगाव-दादरच्या बिऱ्हाडांत एप्रिल-मे महिन्यांत सालाचा गहू, तांदूळ आणि तूरडाळ भरली जाई. कणगीची जागा पत्र्याच्या डब्यांनी घेतली. गच्चीवर गहू वाळत पडे आणि शेजारणी मिळून तो निवडत. त्याच उन्हात पापड, कुरडया, सांडगे होत. या बचतीच्या हिशेबात निवडण्या-पाखडण्याचे, चाळण्याचे आणि उन्हात राखण बसण्याचे श्रम कधीच मांडले गेले नाहीत. वाण्याकडे वाचलेले चार रुपये प्रत्यक्षात बायकांच्या उन्हाळ्याची मजुरी होती.

कापडाचीही अशीच नियोजित उतरंड होती. नऊवारी लुगडे मधोमध विरले की तो भाग काढून टाकून उरलेली दोन टोके शिवून घेत. याला दांड घालणे म्हणत. दांडाचे लुगडे घरात नेसायला चाले. तेही विटले की त्याची गोधडी होई, आणि मऊ तुकडे बाळाच्या दुपट्याला जात. त्यातून उरलेल्या आणि घरातल्या इतर जुन्या कपड्यांवर बोहारणीशी घासाघीस करून स्टीलचे भांडे घेतले जाई. ती ते कपडे दुरुस्त करून जुन्या बाजारात विकण्यासाठी पुढे देत असे. एका घराची टाकाऊ वस्तू दुसऱ्या घरात मोलाची ठरे आणि देणाऱ्या घराची रोकड हलत नसे.

ही सगळी काटकसर करायला मात्र हातात एकरकमी पैसा आणि घरात जागा लागे. मुंबईच्या गिरणगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीत दोन्ही नव्हते. पगार महिन्याने होई, तोवर वाण्याच्या वहीवर उधारी चाले, आणि उधारीच्या गिऱ्हाइकाला भावावरून किंवा मापावरून भांडता येत नसे. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग उगीच रूढ झाला नाही. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची पाहणी केली. त्यात निम्म्याहून अधिक खर्च अन्नावर होत असल्याचे आणि जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात असल्याचे आढळले. व्याजाचा दर बहुधा रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के होता. गरीब माणूस तीच डाळ श्रीमंतापेक्षा महाग घेत होता.

गिरणी कामगारांनी त्यावर आपल्या परीने उपाय काढले. एका गावचे लोक मिळून खोली घेत आणि पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने तीत झोपत. भाडे वाटून जाई. कोकणातला कामगार मे महिन्यात गावी जाऊन परतताना तांदूळ, कुळथाचे पीठ आणि आमसुले घेऊन येई. एकट्या पुरुषांचे जेवण खाणावळीत असे. खाणावळ चालवणारी बाई पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक एका चुलीवर करी, पण तिचाही किराणा उधारीचाच. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. बँकेचे व्याज भरूनही रोखीने घेतलेला माल स्वस्त पडू लागला.

दरम्यान दुसऱ्या महायुद्धाने प्रत्येक घराची खरेदी सरकारी कागदावर आणली होती. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. रेशनकार्ड त्यानंतर घरातल्या दागिन्यांइतके जपले गेले. भाव बांधलेला असला तरी निवड उरली नाही; पुढे टंचाईच्या वर्षांत रेशनवर आलेली परदेशी लाल मिलो ज्वारी कित्येक घरांनी नाक मुरडत खाल्ली. याच काळात शब्दांची एक गंमत झाली. घरात वर्षाचे धान्य भरणे ही बेगमी राहिली, पण व्यापाऱ्याने गोदामात तेच केले की ती साठेबाजी. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने या दुसऱ्या प्रकाराला लगाम घालण्याचे अधिकार सरकारला दिले.

एका घराला जे परवडत नाही ते अनेक घरांना मिळून परवडते, हा विचार सहकारातून आला. भारतातील १९०४ चा सहकारी कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने ग्राहक भांडारांनाही वाट मोकळी झाली. मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या संस्थेतून ‘अपना बाजार’ उभा राहिला. चीन युद्धानंतर, १९६२ पासून, केंद्र सरकारनेही ग्राहक भांडारांना पाठबळ दिले. त्यांतली बरीच बुडाली. कारणे फारशी गूढ नव्हती: सभासदांना दिलेली उधारी, न खपलेला माल आणि दुकानापेक्षा निवडणुकीत अधिक रस घेणारी संचालक मंडळे.

१९७२ च्या दुष्काळाने बेगमीची सारी गणिते मोडली. बाजारात मालच नसेल तर वेळ साधून काय उपयोग? त्या वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांतल्या नेत्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र आल्या. तेल, साखर, रॉकेल रास्त भावात मिळावे म्हणून हजारो बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. लाटणे मोर्चाने घरखर्चाचा प्रश्न माजघरातून मंत्रालयाच्या दारात नेला.

त्याच अस्वस्थतेत ग्राहक चळवळ रुजली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिच्या संस्थापकांत संगीतकार सुधीर फडके होते. पंचायतीची वितरण पद्धत मुद्दाम सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यात दुकानच नाही. शेजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात. महिन्याची यादी आधी भरून देतात. पंचायत सगळ्या संघांची मागणी एकत्र करून माल ठोक घेते आणि तो ठरलेल्या दिवशी संघातल्या एका सभासदाच्या घरी पोहोचतो. तिथे सभासद स्वतः वजन-वाटप करून आपापला वाटा घरी नेतात. दुकानाचे भाडे नाही, विक्रेत्याचा पगार नाही, उधारी नाही, आणि मागणी आधीच ठरलेली असल्याने पडून राहणारा मालही नाही. सहकारी भांडारे ज्या खड्ड्यांत पडली, त्यांतले उधारी आणि न खपलेला माल हे दोन इथे रचनेतच बुजवलेले होते. शिवाय तांदळात खडे निघाले तर एकट्या गिऱ्हाइकाऐवजी सबंध पंचायत जाब विचारी. सभासदांना मात्र वेळ आणि अंगमेहनत द्यावी लागे. बायकांच्या हिशेबाबाहेरच्या श्रमांचा जुना प्रश्न इथेही सुटला नाही. निदान ते चारचौघींत वाटले गेले.

एकविसाव्या शतकात ठोक खरेदीचा फायदा मोठ्या दुकानांच्या साखळ्यांनी उचलला. २००२ मध्ये पवईत पहिले दुकान काढणाऱ्या डी-मार्टचे सूत्र जुनेच आहे: मोठी खरेदी, पुरवठादाराला लवकर पैसे, कमी भाव. फरक इतकाच की साठवण आता दुकानाकडे गेली आणि घराकडे पिशवी उरली. फ्लॅटमध्ये कणगी मावत नाही, आणि दोघेही नोकरी करणाऱ्या घरात गहू निवडायला दुपार मिळत नाही.

तरी रीत पुरती गेलेली नाही. एप्रिल-मे महिन्यांत किराणा दुकानांबाहेर ‘सालाचा गहू’ अशा पाट्या लागतात आणि सोसायट्यांच्या आवारात शेतकऱ्यांच्या टेम्पोंतून पोती उतरतात. त्यांत हमखास असणारा ‘लोकवन’ हा गहू गुजरातेतील सणोसरा येथील लोकभारती संस्थेत तयार झाला; त्याचे मूळ नाव ‘लोक-१’. त्यातल्या इंग्रजी आकड्याचे ‘वन’ मराठी घरांनी कधीच नावात मुरवून टाकले आहे.