काळ्या ढगाशी पहिली भेट

परग्रहावरचे जीव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? मोठे डोके, बारीक हातपाय, बटबटीत डोळे. म्हणजे थोडाफार वाकडातिकडा केलेला माणूसच. भुतेसुद्धा आपण अशीच कल्पितो, फक्त पाय उलटे लावतो. माणसाची कल्पनाशक्ती अफाट म्हणतात, पण ती कुंपणापर्यंतच धावते असे कधी कधी वाटते.

या कुंपणापलीकडे गेलेल्या एका कादंबरीबद्दल आज लिहायचे आहे. 'द ब्लॅक क्लाउड' हे तिचे नाव. १९५७ साली ती इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. लेखक फ्रेड हॉएल. केंब्रिजचे नामवंत खगोलशास्त्रज्ञ, आणि आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू. नारळीकर बनारसहून केंब्रिजला गेले तेही १९५७ सालीच, हा एक छान योगायोग.

त्याआधीची परंपरा थोडक्यात सांगतो. १८७७ मध्ये शियापारेली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला मंगळावर रेषा दिसल्या. त्याच्या भाषेतल्या शब्दाचा अर्थ 'नैसर्गिक चर' असाही होत होता, पण इंग्रजीत त्याचे 'कालवे' झाले. कालवे म्हटले की ते खोदणारे आलेच! त्या हवेत एच. जी. वेल्सने १८९८ साली 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' लिहिली. मंगळावरचे जीव इंग्लंडवर चालून येतात आणि शेवटी इथल्या सूक्ष्म जंतूंनी मरतात. युरोपियनांनी टास्मानियातल्या मूळ रहिवाशांचे जे केले, त्याची आठवण वेल्सने पहिल्याच प्रकरणात वाचकांना करून दिली आहे. साम्राज्य ऐन भरात असताना हे लिहायला धैर्य लागते. पुढच्या कितीतरी कथा मात्र त्यातले युद्ध तेवढे उचलून चालत राहिल्या. परका आला म्हणजे शत्रूच आला.

हॉएलने वेगळी वाट धरली. त्याच्या कथेत एका तरुण खगोलशास्त्रज्ञाला आकाशाच्या छायाचित्रांत एक काळा डाग दिसतो. मागचे तारे त्याने झाकलेले असतात आणि डाग वाढत असतो. गणित मांडल्यावर कळते की हा वायूचा एक प्रचंड ढग आहे आणि दीड वर्षाच्या आत तो सूर्यापाशी पोहोचणार. तो येतो, सूर्य झाकतो. आधी जीवघेणी उष्णता, मग अंधार आणि गारठा. जगभर कोट्यवधी माणसे मरतात. खरे तर ढगाने आला तसे निघून जायला हवे होते. पण तो वेग कमी करतो आणि सूर्याभोवती ठाण मांडून बसतो.

इथे किंग्जली नावाच्या केंब्रिजच्या शास्त्रज्ञाला एक विचित्र गोष्ट जाणवते. पृथ्वीवरून रेडिओसंदेश सुरू झाले की वातावरणाच्या वरच्या थरात काहीतरी बदलते, आणि संदेश थांबले की ते पूर्ववत होते. म्हणजे कुणीतरी प्रतिसाद देत आहे. ढग जिवंत आहे! तो विचार करतो. सूर्यप्रकाश हे त्याचे अन्न.

पुढचा संवाद हा कादंबरीचा गाभा आहे. ढग माणसांची भाषा शिकतो आणि त्याला पहिले आश्चर्य वाटते ते याचे, की घट्ट ग्रहाच्या पृष्ठभागावर बुद्धिमान जीव असू शकतात! गुरुत्वाकर्षणाने जखडलेला जीव मोठा होणार कसा, त्याचा मेंदू वाढणार कसा, असा त्याचा साधा हिशोब. आपण ज्याला जीवनाची नैसर्गिक जागा समजतो, ती त्याच्या लेखी अगदी गैरसोयीची. एवढी माणसे मेली त्यात त्याचे वैर नव्हते. इथे कुणी आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. मुंग्यांच्या वारुळावर पाय देताना आपल्याला तरी कुठे ठाऊक असते?

राज्यकर्ते मात्र आपल्या स्वभावाला जागतात. ढगावर हायड्रोजन बॉम्ब सोडतात. ढगाला इशारा मिळालेला असतो. तो ती अस्त्रे परत पाठवतो आणि त्यांतली काही पृथ्वीवरच्या शहरांवर येऊन आदळतात. हिरोशिमाला तेव्हा बाराच वर्षे झाली होती हे लक्षात घेतले तर हॉएलचा रोख कळतो.

पण मला अस्वस्थ करतो तो शेवट. निघण्यापूर्वी ढग आपले ज्ञान माणसाला द्यायला तयार होतो. शब्दांतून नव्हे, तर पडद्यावर उमटणाऱ्या प्रकाशाच्या आकृतींतून थेट मेंदूत. आधी एक तरुण शास्त्रज्ञ बसतो आणि मरतो. मग स्वतः किंग्जली बसतो. तोही मरतो. का? कारण त्याच्या डोक्यात आधीच पक्के बसलेले ज्ञान आणि नवे ज्ञान यांचा मेळ बसत नाही. मागे उरलेले एकमेकांना म्हणतात, की त्याऐवजी इथला बागेचा माळी बसला असता तर कदाचित जगला असता!

गीतेचा अकरावा अध्याय आठवावा. विश्वरूप दाखवण्याआधी भगवंतांना अर्जुनाला दिव्य दृष्टी द्यावी लागली, आणि ती मिळूनही त्याने हात जोडून पूर्वीचेच सौम्य रूप मागितले. किंग्जलीला दिव्य दृष्टी द्यायला कुणी नव्हते.

शिक्षकाला यात नवल वाटू नये. ज्याला पाढे येतच नाहीत त्याला शिकवणे सोपे असते. चुकीचे पाठ झालेल्याला शिकवणे फार कठीण, कारण आधी पुसावे लागते आणि पुसताना दुखते. म्हणून कोरी पाटी बरी, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तेही पुरते खरे नाही. माळी जगला असता, पण प्रश्न काय विचारला असता? ढग जिवंत आहे हे ओळखले ते किंग्जलीच्या भरलेल्या पाटीनेच. भरलेली पाटी हवी आणि ओले फडकेही हाताशी हवे. दोन्ही एकाच माणसाकडे असणे दुर्मीळ.

खुद्द हॉएलकडे ते होते का? विश्व अनादि-अनंत आहे, त्याला सुरुवात नाही, हा स्थिर स्थितीचा सिद्धांत त्याने बाँडी आणि गोल्ड यांच्याबरोबर १९४८ साली मांडला. 'बिग बँग' हे विरोधी सिद्धांताचे नाव त्यानेच १९४९ साली रेडिओवर बोलताना उच्चारले. १९६५ मध्ये विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. हॉएल वळला नाही. २००१ साली मृत्यू येईपर्यंत तो वेगवेगळ्या रूपांत आपली बाजू लढवत राहिला, आणि १९९३ मध्ये मांडलेल्या सुधारित सिद्धांतात नारळीकरही त्याच्याबरोबर होते. किंग्जलीची शोकांतिका लिहिणाऱ्यालाही आपली पाटी पुसणे जड गेले. याला हट्ट म्हणावे की निष्ठा, याचा निकाल माझ्यासारख्या बी.ए. झालेल्याने देऊ नये.

गुरूचा विज्ञानकथेचा वारसा शिष्याने मराठीत आणला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप! ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंनी ती कथा आपल्या हाताने लिहून काढली होती. नाव बघून गुण मिळू नयेत, एवढीच इच्छा. परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे.

अवकाशातून सूक्ष्म जीव येत असावेत, असे हॉएल आणि विक्रमसिंघे म्हणत. त्याचा शोध आपल्याकडे घेतला गेला. २००५ च्या एप्रिलमध्ये हैदराबादहून एक मोठा फुगा सोडला गेला आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली गेली. त्या प्रयोगाचे प्रमुख संशोधक होते नारळीकर. २००९ मध्ये इस्रोने जाहीर केले, की त्यात जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्या आहेत. त्यांतल्या एकीला हॉएलचे नाव दिले: जॅनिबॅक्टर हॉयली. हे जीव पृथ्वीबाहेरून आले का? तसे ठामपणे सिद्ध होत नाही, असेही तिथेच स्पष्ट सांगितले गेले.

मला ते वाक्य सगळ्यांत आवडले. गुरूचे मत खरे ठरवण्याची संधी चालून आली होती, नावही त्याचेच दिले होते, आणि तरी पुरावा जिथे थांबतो तिथे ही मंडळी थांबली. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. सूर्य झाकणाऱ्या ढगाची गोष्ट सांगणाऱ्या माणसाचे नाव आज डोळ्यांना न दिसणारा एक जिवाणू वाहतो आहे. तो इथला की तिथला, कोण जाणे. कधीतरी कुणी विचारेल, तेव्हा त्या विचारणाऱ्याच्या हाती फडके असावे म्हणजे झाले.