मोटारीचा अस्सल रंग

जुनी वस्तु पूर्ववत् करण्याचा उद्योग हा इतिहासलेखनाचाच एक प्रकार होय, असें आम्हांस वाटतें. जुनी मोटार कारखान्यांतून निघाली त्या दिवशीं जशी होती तशी करूं पाहणारा गृहस्थ यंत्राचे भाग शोधून आणतो, चाकें नीट करतो, बैठकींचें कातडें बदलतो. आणि शेवटीं एका प्रश्नापाशीं अडतो. हिचा मूळ रंग कोणता? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक. परंतु त्याचें उत्तर देतांना दंतकथा, छायाचित्र आणि प्रत्यक्ष वस्तु या तिन्ही साक्षीदारांची उलटतपासणी करावी लागते.

दंतकथेचें ठळक उदाहरण म्हणजे फोर्डची मॉडेल टी. १९०८ च्या ऑक्टोबरांत ती बाजारांत आली, आणि १९२७ सालीं उत्पादन थांबेपर्यंत अशा दीड कोटींच्या वर गाड्या तयार झाल्या. ही गाडी म्हणजे काळी, हें समीकरण जगभर रूढ आहे, आणि त्यास आधार खुद्द कर्त्याचा. गिऱ्हाइकानें वाटेल तो रंग मागावा, मात्र तो काळा असावा, अशा आशयाचें आपण १९०९ सालीं बोललों, असें हेन्री फोर्डनें १९२२ च्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. आतां १९०९ सालच्या गाड्या पाहाव्या, तर त्या तांबड्या, करड्या व हिरव्या! पुढें गर्द निळा रंग आला. केवळ काळ्याचें राज्य १९१४ च्या सुमारास सुरू झालें व १९२६ च्या नमुन्यांबरोबर संपलें. तेव्हां कर्त्याच्या शब्दावर विसंबून १९१० ची गाडी काळी रंगविणें म्हणजे बखरीच्या भरंवशावर अस्सल पत्र दूर सारण्यासारखेंच आहे.

छायाचित्राची साक्षही बेतानेंच घ्यावी. त्या काळीं सर्रास वापरल्या जाणाऱ्या काचांवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम जवळजवळ होत नसे आणि निळ्याचा मात्र फार होई. त्यामुळें चित्रांत तांबडी गाडी काळी दिसते व निळी फिकट. चित्र खोटें बोलत नाहीं. पण त्याची भाषा समजून घ्यावी लागते.

राहिली प्रत्यक्ष वस्तु. तिची साक्ष समजण्यास रंगकामाचा इतिहास ठाऊक हवा. आरंभीच्या मोटारी घोडागाड्यांच्या रीतीनेंच रंगवीत. जवसाच्या तेलांत कालविलेला रंग व त्यावर व्हार्निश असे अनेक हात द्यावयाचे, प्रत्येक हात वाळवून घासावयाचा. एका गाडीस कित्येक आठवडे लागत. १९१३ सालीं फोर्डच्या कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली, तेव्हां असा विलंब परवडणारा नव्हता. गिल्सोनाइट नांवाचें खनिज डांबर व जवसाचें तेल यांपासून केलेला काळा लेप स्वस्त, टिकाऊ आणि भट्टींत भाजतां येण्याजोगा होता. पुढें ड्यू पाँ कंपनीनें नायट्रोसेल्युलोजपासून, म्हणजे बिनधुराची दारू व चित्रपटांच्या फिती ज्या द्रव्यापासून होत त्यापासून, ड्यूको नांवाचा रंग काढला. १९२३ सालीं जनरल मोटर्सनें आपल्या ओकलंड गाड्यांस तो निळ्या छटेंत दिला. आठवड्यांचें काम तासांवर आलें, आणि उजळ रंगांच्या गाड्या सामान्य गिऱ्हाइकाच्या आटोक्यांत आल्या.

ही माहिती हाताशीं असली म्हणजे शोधाची दिशा कळते. जाणता कारागीर प्रथम बैठकीखालीं, धातूच्या पट्ट्यांमागें, क्रमांकाच्या पत्र्याआड पाहतो. ऊन व पॉलिश जेथें पोंचलें नाहीं तेथें मूळ लेप टिकून असतो. मग तो एखादी लहानशी जागा बारीक कागदानें उतरती घासतो. झाडाच्या बुंध्यांतील कड्यांप्रमाणें एकेक काळचा रंग उघडा पडतो आणि धातूलगतच्या अस्तरावरचा पहिला रंग हातीं लागतो.

परंतु हा साक्षीदारही निर्दोष नाहीं. जवसाचें तेल काळोखांत पिवळें पडतें, आणि पिवळ्या थराखालचा निळा हिरवट दिसतो. म्हणून असा नमुना कांहीं दिवस उजेडांत ठेवून मगच त्याची छटा ठरवावी लागते. आज वर्णपटमापक यंत्र क्षणांत रंगाचे आंकडे देतें. पण ते आजच्या रंगाचे, जन्मदिवसाच्या रंगाचे नव्हेत. शिवाय जुन्या रंगांतील शिशाचीं विषारी द्रव्यें आतां बव्हंशीं मागें पडलीं आहेत. त्यांच्या जागीं दुसरीं घालून साधलेला मेळ उन्हांत तंतोतंत जुळतो आणि दिव्याखालीं उघडा पडतो. मूळचे घाणेही एकमेकांशीं हुबेहूब जुळत नसत. तेव्हां ‘अस्सल रंग’ हा एक बिंदु नसून छटांचा एक लहानसा पट्टा आहे.

मग श्रम व्यर्थ म्हणावयाचे काय? आमचें मत तसें नाहीं. यथातथ्य सत्य हातीं न आलें तरी असत्य निश्चित वगळतां येतें, आणि इतिहासांत हेंही थोडें नव्हे. खरा धोका निराळाच आहे. जुना लेप समूळ खरवडून गाडी आरशासारखी चकचकीत केली, कीं तिचा शेवटचा साक्षीदारही नाहींसा होतो. पुढें कोणास शंका आली तरी विचारावयाचें कोणाला? यास्तव जेथें मूळ रंग बऱ्यापैकीं शाबूत आहे तेथें तो फिका, तडकलेला असला तरी राखावा. रंगविणें अटळच असेल, तर आडबाजूस तळहाताएवढी जागा तशीच सोडावी आणि काय केलें, कोणत्या पुराव्यावर केलें, हें लिहून ठेवावें. आपला निर्णय चुकला असल्यास तो दुरुस्त करण्याचें साधन पुढील पिढीच्या हातीं ठेवणें, एवढें तरी आपण तिचें देणें लागतों.