ओली पेटी: विल्यम कूपरच्या सशांविषयी

पाळलेला ससा गेला आणि काही महिन्यांनी दुसरा घरात आला, की त्याच्यासोबत एक नवी सवयही घरात येते. पहिल्याने गाजर अर्धे टाकले तर पोट भरले असेल, एवढेच आम्ही म्हणत असू. दुसऱ्याने टाकले की रात्री दोनदा उठून पिंजऱ्यापाशी कान देतो, सकाळी लेंड्या मोजतो. ससा हा शिकार होणारा प्राणी. दुखणे लपवणे हा त्याचा स्वभावधर्मच आहे. त्याचे आतडे मंदावले तर काही तासांचा उपवासही त्याला महागात पडतो, हे आम्हांस समजले ते पहिला गेल्यानंतर. त्यामुळे दुसऱ्याची काळजी निव्वळ दुसऱ्याची राहत नाही. पहिल्याच्या वेळी जे डोळ्यांसमोर असून दिसले नाही, त्याची उजळणी तिच्यात चाललेली असते.

या अवस्थेची नोंद वाङ्मयाच्या इतिहासात शोधू गेल्यास विल्यम कूपरपाशी थांबावे लागते. (नावाची अक्षरे 'काउपर' अशी वाचावीशी वाटतात; पण त्याच्या घराण्यातला उच्चार 'कूपर' असाच.) आपल्याकडील इंग्रजीच्या वर्गांत कूपर ओळखला जातो तो जॉन गिल्पिनच्या फजितीमुळे, आणि पुढे रोमँटिक कवितेचा एक पूर्वसूरी म्हणून. त्याने ससे पाळले होते हे चरित्राच्या समासात येते आणि बहुधा हसून सोडून दिले जाते. आमच्या मते ते समासात राहण्यासारखे नाही.

आधी एक भाषिक अडचण. इंग्रजीत रॅबिट आणि हेअर हे दोन वेगळे प्राणी आहेत. मराठीत दोघेही ससेच. बिळात राहणारा आणि माणसाने शतकानुशतके पाळलेला तो रॅबिट. हेअर उघड्या रानात राहतो, आणि तो कधीही माणसाळलेला नाही. चंद्रावरचा ससा, ज्याच्यामुळे चंद्राला शशांक म्हणतात, तो आपल्या देशातल्या रानाचा विचार करता हेअरच म्हटला पाहिजे. कूपरचे ससेही हेअर होते, म्हणजे रानससे. पकडून आणलेले रानसशाचे पिल्लू घाबरून, उपाशी राहून लवकर मरते. कूपरने त्यांपैकी एकाला जवळजवळ बारा वर्षे जगवले, हे त्यामुळे अधिकच लक्षणीय.

कूपरचे आयुष्य नुकसानीनेच सुरू झाले. तो १७३१ साली जन्मला आणि सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली. १७६३ मध्ये सरकारी नेमणुकीसाठी परीक्षेला सामोरे जाण्याच्या धास्तीने त्याचे मन ढासळले आणि त्याने आत्महत्येचे प्रयत्न केले. सेंट ऑल्बन्स येथे डॉक्टर कॉटन यांच्या देखरेखीखाली तो सावरला. पुढे अन्विन कुटुंबात त्याला आसरा मिळाला, आणि १७६७ मध्ये गृहस्वामी घोड्यावरून पडून वारल्यावर श्रीमती मेरी अन्विन यांच्यासह तो ओल्नी या गावी राहू लागला. १७७० मध्ये भाऊ जॉन गेला. १७७३ च्या आरंभी मेरी अन्विन यांच्याशी ठरलेला विवाह फिसकटला, आणि त्याच सुमारास एका स्वप्नात आपला कायमचा नाश झाल्याचे त्याने ऐकले. ईश्वराने आपल्याला टाकले आहे, ही त्याची समजूत त्यानंतर मरेपर्यंत पुरती गेली नाही. या भयाला उपाय नव्हता, कारण त्यात करण्यासारखे काही उरलेच नव्हते.

१७७४ च्या मे महिन्यात तो मित्र जॉन न्यूटन यांच्या घरून आपल्या घरी परतला, आणि त्याच वर्षी शेजाऱ्यांच्या मुलांकडून तीन महिन्यांचे एक पिल्लू त्याच्याकडे आले. मुलांना त्याला खाऊ घालण्यापेक्षा छळणे अधिक जमत होते. पिल्लू दिवसेंदिवस वाळत होते. कूपरने ते ठेवून घेतल्याची बातमी पसरली, तेव्हा गावकऱ्यांनी इतकी पिल्ले देऊ केली की कुरण भरावे. त्याने तीनच ठेवली: पुस, टायनी आणि बेस. नावे काहीशी बायकी असली तरी तिघेही नर होते. त्यांच्यासाठी त्याने स्वतः सुतारकाम केले. प्रत्येकाला निजायला वेगळी पेटी. पेटीचा तळ असा की घाण खाली पडावी. खाली मातीचे भांडे, ते नेमाने रिकामे करून धुवायचे.

हे सारे आपल्याला कळते ते त्याने १७८४ मध्ये 'जंटलमन्स मॅगझिन' या नियतकालिकास लिहिलेल्या पत्रावरून. पत्राचा सूर प्रसन्न आहे. ससे संध्याकाळी जेवणानंतर दिवाणखान्यात उड्या मारतात. गालिच्याला लावलेले नवे ठिगळ लगेच हुंगून तपासतात. पिठाने माखलेला गिरणीवाला त्यांना पाहताक्षणी आवडतो. सशांनी कवीला बरे केले, असा या पत्राचा रूढ अर्थ लावला जातो, आणि तो चुकीचा नाही. पण पत्र संथपणे वाचले, तर त्यात एक ओलसर जागा सापडते.

बेस मेला तो पूर्ण वाढ झाल्यावर थोड्याच काळात. कारण कूपर सांगतो: धुतलेली पेटी पुरती वाळलेली नसताना त्याला तिच्यात सोडले गेले. एवढेच, आणि तेही एका गौण वाक्यांशात. मुख्य वाक्य पुढे बेसच्या खेळकरपणाकडे निघून जाते. पेटी कोणी धुतली, त्याला आत कोणी सोडले? घरात नोकरमाणसे होती, मेरी अन्विन होत्या, आणि पेटी बांधणारा कूपर स्वतः होता. इंग्रजीतील कर्मणी रचना हा कर्ता सहज झाकते. मराठीत हे वाक्य आणताना मात्र आपण अडखळतो, आणि अडखळावे हेच बरे. कारण त्या वाक्यांशात सांगितलेले मरण हयगयीने आलेले नाही. पेटी धुतली गेली ती सशाच्या आरोग्यासाठी. म्हणजे येथे काळजीनेच घात केला. ज्याच्या घरी असे घडले, त्याला पुढे कोणत्या हाताने पेटी धुवावी हा प्रश्न रोज सकाळी पडत असणार.

ओल हेच खरे कारण होते का? आजचा पशुवैद्य बहुधा आणखी चारदोन शक्यता मांडील. दमट जागेने श्वसनाचे विकार बळावतात हे खरे, पण कोवळ्या सशांच्या मृत्यूस आतड्यांतील परजीवींसारखी इतर कारणेही पुष्कळ असतात. कूपरला मात्र शंका नाही. नुकसान सोसलेल्या माणसाला कारण हवे असते, आणि त्यातही आपल्या हाताने टाळता आले असते असे कारण तो अधिक घट्ट धरून ठेवतो, असे आम्हांस वाटते. दोष पत्करावा लागला तरी चालेल, पण घडले ते निव्वळ दैव नसावे.

याचा पुरावा पत्राच्या उत्तरार्धात आहे, जो बहुतेक वाचक कंटाळून ओलांडतात. तेथे कूपर सशांच्या आहाराची माहिती देतो. डँडेलियन आणि लेट्यूस त्यांना प्रिय. बारीक पांढरी वाळू ते हावरटपणे खातात, हे पक्ष्याचा पिंजरा साफ करताना योगायोगाने समजले. सफरचंदाची साल हवी, पण फळ नको. (आज या यादीतील सारेच कोणी अनुसरू नये, पाळीव सशाला मुख्यतः सुके गवत द्यावे असे सांगतात, आणि कूपरचा मुख्य आहार तर पाव होता.) आता या यादीतील सूचना पाहा. गव्हाचे काड अंथरावे, पण रोज झटकावे, म्हणजे ते पुष्कळ दिवस कोरडे राहते. हिवाळ्यात पाणी द्यावेच लागते. पण भांडे असे ठेवावे की त्यांच्याकडून ते अंथरुणावर लवंडणार नाही. चारा फार रसाळ असेल तर सशांना मेंढ्यांप्रमाणे 'रॉट' हा रोग जडतो, म्हणून पाव.

बिछाना कोरडा, पाणी लांब, चाराही बेताचा ओला. बेसचे नाव यांपैकी एकाही सूचनेत नाही, परंतु आमच्या मते तिन्ही त्याच्याविषयी आहेत. शोक व्यक्त करायला कूपरला शब्द कमी पडले असते असे कोणी म्हणणार नाही. तरी बेससाठी त्याने शोकगीत छापले नाही. त्याने अंथरूण रोज झटकले.

मेंढ्यांचा 'रॉट' म्हणजे यकृतातील चपट्या कृमींचा रोग, आणि तो ओलसर कुरणांतल्या गोगलगायींमार्फत पसरतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडले. त्याची बाधा सशांनाही होते. कूपरची ओलीविषयीची धास्ती अगदीच निराधार नव्हती, एवढे नमूद करून पुढे जाऊ.

बेसविषयी आणखी एक खूण त्या पत्रात आहे. उड्या मारण्यात तो सर्वांत सरस, म्हणून कूपर त्याला त्या मेळ्यातला व्हेस्ट्रिस म्हणतो. व्हेस्ट्रिस हे फ्रेंच नर्तक पितापुत्र लंडनमध्ये गाजले ते १७८०-८१ च्या हंगामात. तोवर बेसला जाऊन वर्षे लोटली होती. म्हणजे ही उपमा बेस जिवंत असताना सुचलेली नसावी; लंडनची वार्ता खेड्यात पोचली, तेव्हा कूपरच्या मनात त्या नर्तकाच्या जागी एक मेलेला ससा उडी मारून गेला. आठवण कशी काम करते ते येथे दिसते, आणि कोणत्याही चरित्रकाराने न सांगता दिसते.

पुस तीन दिवस आजारी पडल्याचा प्रसंग पत्रात आहे, पण तो बेसच्या मृत्यूपूर्वीचा की नंतरचा, हे कूपर सांगत नाही. आजारी सोबत्याला इतर ससे छळतात, म्हणून त्याने पुसला वेगळे ठेवले, निरनिराळ्या वनस्पती देऊन पाहिल्या, आणि तो बरा झाला. मग पुसने त्याचा हात चाटला: आधी मागची बाजू, मग तळवा, मग एकेक बोट, मग बोटांमधल्या जागा. हा प्रसंग सर्वत्र उद्धृत होतो. त्याच्या शेजारचा टायनीचा प्रसंग मात्र क्वचितच. टायनीही आजारी पडला, त्याचीही तितकीच शुश्रूषा झाली, आणि बरा झाल्यावर कुरवाळू गेलेल्या कूपरला तो गुरगुरून चावला. कृतज्ञतेच्या अपेक्षेने शुश्रूषा करणाऱ्यांनी टायनीचे स्मरण ठेवलेले बरे. गंमत अशी की मृत्युलेख लाभला तो याच तिरसटाला. त्यात त्याचे वय आठ वर्षे पाच महिने दिले आहे, तर पत्रात ढोबळमानाने नऊ वर्षे.

त्या मृत्युलेखात जिवंत असलेल्या पुसच्या मरणाचाही उल्लेख येतो. 'द टास्क' या १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकाव्यातही, तू आधी गेलास तर तुझे थडगे मी खणीन, अशा आशयाचे आश्वासन कवी आपल्या सशाला देतो. दोन गमावल्यावर तिसऱ्याकडे पाहण्याची ही दृष्टी आहे. त्याच काळात त्याने मार्क्विस नावाच्या स्पॅनियल कुत्र्याशी पुसची ओळख करून दिली. फार जपून दिली, आणि जपण्याचे काही कारणच नव्हते, हे तो स्वतः नोंदवतो. दोघे एकाच हातातून पाव खाऊ लागले.

कूपर सशांमुळे कायमचा बरा झाला नाही. १७८७ मध्ये त्याचे मन पुन्हा ढासळले, आणि १८०० साली मृत्यूपूर्वी लिहिलेल्या 'द कास्टअवे' या कवितेत जुने भय तसेच आहे. ओल्नीतले त्याचे घर आज संग्रहालय आहे.

त्याच्या कागदपत्रांत एक टिपण सापडले. पुढे ते त्या पत्रासोबत छापले जाऊ लागले. ९ मार्च १७८६ रोजी पुस मेला. वय अकरा वर्षे अकरा महिने. वेळ दुपारी बारा आणि एकच्या दरम्यान. बेसच्या वेळी ओल हे कारण होते, आणि टायनीच्या वेळी पडून कमरेला झालेली दुखापत असावी असा तर्क होता. पुसपुढे कूपरने नुसते वार्धक्य असे लिहिले. वेदना झाल्या नाहीत असेही लिहिले, मात्र त्याआधी 'दिसण्यात तरी' अशा अर्थाचा एक शब्द घातला.