टपावरील लुकलुकते इशारादिवे

टपावरील लुकलुकते इशारादिवे म्हणजे मालवाहू पिकअप, टेम्पो अथवा तत्सम वाहनाच्या चालककक्षाच्या छतावर बसवलेले व ठरावीक गतीने उघडझाप करणारे दिवे होत. वाहन रस्त्यात बंद पडले आहे, माल चढवण्या-उतरवण्यासाठी उभे आहे किंवा रस्त्याच्या कामावर आहे, याची सूचना इतर वाहनचालकांना दुरूनच मिळावी हा त्यांचा हेतू असतो. यांपैकी काही दिवे मुळात केवळ वाहनाची उंची व रुंदी दर्शवणारे, सतत तेवणारे असतात. फ्लॅशर व रिले यांच्या साहाय्याने त्यांची जोडणी बदलून त्यांच्याकडून इशाऱ्याचे कामही करून घेता येते. भारतात अशा फेरबदलांना मोटार वाहन कायद्याच्या मर्यादा लागू होतात.

पार्श्वभूमी

विजेवर लुकलुकणारे दिशादर्शक दिवे येण्यापूर्वी वळण्याची सूचना हाताने किंवा वाहनाच्या बाजूने बाहेर येणाऱ्या यांत्रिक बाहूने दिली जात असे. असे बाहू ब्रिटिश बनावटीच्या जुन्या मोटारींत आढळतात. अमेरिकेतील ब्यूइक कंपनीने १९३९च्या मोटारींत लुकलुकणारे दिशादर्शक कारखान्यातूनच बसवून दिले. चारही दिशादर्शक एकदम लुकलुकवून धोक्याची सूचना देण्याची सोय त्यानंतर प्रचारात आली आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस ती अमेरिकेत नव्या मोटारींना बंधनकारक झाली. आज भारतातील मोटारी व मालवाहू वाहनांतही ती असते. तिच्या लाल त्रिकोणी चिन्हाच्या बटणाला चालक ‘हझार्ड’ किंवा ‘चार इंडिकेटर’ म्हणतात.

टपावरील दिव्यांचा उगम वेगळा आहे. रुंद मालमोटारींचा आकार अंधारात कळावा म्हणून त्यांच्या वरच्या कोपऱ्यांवर आकारदर्शक दिवे लावण्याची पद्धत पडली. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियमावलीनुसार २.१ मीटरहून अधिक रुंदीच्या वाहनांना असे दिवे आवश्यक असतात. पिकअप वाहने सामान्यतः यापेक्षा अरुंद असल्यामुळे त्यांच्या टपावरील दिवे बहुधा मालकाने हौसेने किंवा गरजेपोटी लावलेले असतात.

गरज

पिकअपचे मूळ मागील दिवे हौद्याच्या तळाशी असतात. मालाची पोती किंवा क्रेट मागे लोंबत असतील, मागचा फाळका खाली सोडलेला असेल अथवा दिव्यांवर चिखल बसला असेल, तर ते झाकले जातात. नेमका माल उतरवतानाच फाळका खाली असतो. म्हणजे वाहन सर्वांत धोक्याच्या स्थितीत असताना त्याची सूचना सर्वांत क्षीण होते. टपावरील दिवा या अडथळ्याच्या वर असल्याने, तसेच मधल्या एखाद्या मोटारीच्या डोक्यावरूनही दिसत असल्याने, मागून येणाऱ्या चालकाला वेग कमी करण्यास अधिक अवधी मिळतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते, यावरून त्या अवधीचे मोल लक्षात येते. मात्र हौद्यातील माल टपापेक्षा उंच रचला असेल, तर टपावरील दिवाही मागून दिसत नाही.

फ्लॅशरचे कार्य

दिव्याची उघडझाप घडवणाऱ्या उपकरणाला फ्लॅशर म्हणतात. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत.

औष्णिक फ्लॅशर : यात तापल्यावर वाकणारी धातूची पट्टी असते. दिव्यांचा प्रवाह वाहू लागला की पट्टी तापून वाकते व संपर्क तुटतो. ती थंड झाली की संपर्क पुन्हा जुळतो. उघडझापेची गती दिव्यांच्या भारावर अवलंबून असते. त्यामुळे दिव्यांची संख्या बदलली की गतीही बदलते.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर : यात कालमापक मंडल असते. भार वाढला तरी गती स्थिर राहते. एलईडी दिव्यांचा भार फार कमी असल्याने जुन्या बनावटीचा फ्लॅशर लावल्यास ते अतिजलद लुकलुकतात किंवा लुकलुकतच नाहीत. त्यांच्यासाठी एलईडीला योग्य असा फ्लॅशर लागतो.

दिशादर्शक व धोकासूचक दिव्यांची प्रमाण गती मिनिटाला ६० ते १२० उघडझापा इतकी मानली जाते.

जोडणीची रचना

पिकअप वाहनांची विद्युत प्रणाली सामान्यतः १२ व्होल्टची असते. टपावरील दिवे थेट मूळ दिशादर्शकांच्या वायरींना जोडणे सोपे वाटते. परंतु त्यातून दोन दोष उद्भवतात. एक, मूळ फ्लॅशरवर ठरल्यापेक्षा अधिक भार पडतो. दोन, डाव्या व उजव्या बाजूच्या वायरी टपावर एकत्र आल्या, तर एका बाजूचा प्रवाह उलट फिरून दुसऱ्या बाजूच्या दिव्यांत शिरतो आणि डावीकडे वळण्याची खूण केली तरी चारही दिवे लुकलुकतात. हा उलट प्रवाह डायोड लावून अडवता येतो. पण भाराचा प्रश्न राहतोच. यासाठी टपावरील दिव्यांना स्वतंत्र फ्लॅशर व पाच टोकांचा रिले देण्याची पद्धत अधिक सुरक्षित ठरते. रिलेच्या टोकांवर प्रमाणित क्रमांक छापलेले असतात. त्यांची जोडणी पुढीलप्रमाणे होते :

३० : टपावरील दिव्यांकडे जाणारी वायर.
८७-अ : पार्किंग दिव्यांच्या मंडलातून आलेली वायर.
८७ : फ्लॅशरमधून बाहेर पडणारी वायर.
८६ : चालकाजवळील स्विचमधून आलेली वायर.
८५ : वाहनाच्या सांगाड्याला, म्हणजे ‘बॉडी अर्थ’ला जोडलेली वायर.

बॅटरीच्या धन टोकाकडून येणारा प्रवाह प्रथम फ्यूजमधून व नंतर स्विचमधून जातो. स्विचपुढे त्याच्या दोन शाखा होतात : एक फ्लॅशरकडे आणि दुसरी रिलेच्या ८६ या टोकाकडे. स्विच बंद असताना ३० व ८७-अ ही टोके जुळलेली असतात. म्हणून पार्किंग दिव्यांबरोबर टपावरील दिवे सतत तेवतात. स्विच चालू केल्यावर रिलेतील वेटोळे चुंबकित होऊन ३० चा संबंध ८७ शी जुळतो आणि तेच दिवे लुकलुकू लागतात. दोन्ही मंडले एका वेळी एकमेकांना जोडली जात नाहीत, हा या रचनेचा मुख्य गुण आहे.

भार, फ्यूज व बॅटरी

२१ वॅटचा एक दिवा १२ व्होल्टला १.७५ अँपिअर प्रवाह घेतो. असे दोन दिवे ३.५ अँपिअर, तर चार दिवे ७ अँपिअर प्रवाह घेतात. दोन दिव्यांसाठी ७.५ अँपिअरचा फ्यूज व किमान १ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची वायर पुरते. दिवे वाढले की फ्यूज व वायर दोन्ही त्या प्रमाणात वाढवावी लागतात. केवळ फ्यूज मोठा केल्यास तो वितळण्यापूर्वीच वायर तापते आणि आगीचा धोका निर्माण होतो. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ असावा लागतो, कारण बॅटरी व फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कोणतेच संरक्षण नसते.

चार दिवे निम्मा वेळ प्रकाशत असल्यास सरासरी प्रवाह सुमारे ३.५ अँपिअर होतो. इंजिन बंद ठेवून ते रात्रभर चालू राहिले, तर सकाळी इंजिन सुरू करण्याइतकी शक्ती बॅटरीत उरण्याची खात्री राहत नाही. याच कारणाने कमी वीज घेणाऱ्या एलईडी दिव्यांना पसंती मिळते.

छताला पाडलेल्या छिद्रातून वायर नेताना रबरी कडे न बसवल्यास पत्र्याच्या धारेने आवरण कापले जाते. किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत नुसते पीळ देऊन जोडलेले सांधे लवकर गंजतात. ‘बॉडी अर्थ’चा सांधा रंगावर बसवल्यास दिवे मंद जळतात. पावसाळ्यात उद्भवणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ या तीन गोष्टींत असते.

कायदेशीर स्थिती

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ नुसार वाहनाच्या पुढील बाजूस लाल आणि मागील बाजूस लालेतर दिवा दाखवण्यास सामान्यतः मनाई आहे. दिशादर्शक व टपावरील दिव्यांचा पिवळसर नारिंगी प्रकाश, मागे जाण्याचा पांढरा दिवा आदींना त्यातून सूट आहे. लाल, निळा व पांढरा असा बहुरंगी लुकलुकता दिवा अग्निशमन, पोलीस यांसारख्या आपत्कालीन सेवांपुरता राखीव आहे. मान्यवरांच्या मोटारींवरील लाल दिवे काढण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०१७ मध्ये जाहीर केला व तो १ मे २०१७ पासून अमलात आला.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनुज्ञा नसलेल्या फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मालवाहू वाहनांना योग्यता प्रमाणपत्राचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते व त्या तपासणीत दिवेही पाहिले जातात. म्हणून टपावर दिवे बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडून खातरजमा करून घेणे इष्ट ठरते. पालघर जिल्ह्यातील अनेक वाहनांवर एमएच-४८ ही नोंदणी मालिका आढळते.

वाणगाव व बोईसर परिसर

डहाणू तालुक्यातील वाणगाव हे पश्चिम रेल्वेवरील बोईसर व डहाणू रोड यांच्या दरम्यानचे स्थानक असून हा परिसर हिरव्या व ढोबळी मिरचीच्या लागवडीसाठी ओळखला जातो. हा नाशवंत माल पिकअप व टेम्पोंतून बाजारपेठांकडे जातो. जवळच तारापूर औद्योगिक वसाहत आहे. बोईसर–चिल्हार रस्ता हा सारा परिसर मुंबई–अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग क्र. ४८ शी जोडतो. शेताच्या बांधालगत, दिवे नसलेल्या अरुंद रस्त्यावर अंधारात उभे राहिलेले पिकअप आणि त्याच रस्त्याने वेगाने येणारी अवजड वाहने, अशा स्थितीत ठळक इशाऱ्याची गरज विशेष भासते. समर्पित मालवाहतूक रेल्वेमार्ग व मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वे यांच्या कामांमुळे टपावर नारिंगी दिवा असलेली वाहनेही जिल्ह्यात परिचयाची झाली आहेत.

गैरवापर व मर्यादा

चौकातून सरळ जायचे आहे हे दाखवण्यासाठी, किंवा मुसळधार पावसात चालत्या वाहनात, धोकासूचक दिवे लावण्याची सवय भारतात सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे; कारण त्या वेळी दिशादर्शक निकामी होतात आणि वाहन उभे आहे की चालते आहे याविषयी मागील चालकाचा गोंधळ होतो. टपावरील दिवे प्रवासात लुकलुकत ठेवल्यासही तोच धोका संभवतो. सतत लुकलुकणाऱ्या दिव्यांची नजरेला सवय होते आणि खऱ्या संकटातील इशाऱ्याचे महत्त्व कमी होते. फार प्रखर दिवा रात्री समोरच्या चालकाचे डोळे दिपवतो.

इशारादिवे हे परावर्तक पट्ट्या व त्रिकोणी परावर्तक यांना पूरक असतात, पर्याय नव्हेत. बॅटरी संपली किंवा फ्यूज वितळला तर दिवे विझतात. त्रिकोणी परावर्तकाला मात्र वीज लागत नाही. म्हणून बंद पडलेले वाहन शक्य तितके रस्त्याच्या कडेला घेणे, वाहनाच्या मागे पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवणे आणि माणसांनी वाहनापासून दूर, रस्त्याबाहेर उभे राहणे, ही खबरदारी दिवे असतानाही आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

दिशादर्शक दिवा
रिले
फ्यूज
मोटार वाहन अधिनियम, १९८८
वाणगाव