‘टर्बिनिया’चे मळसूत्र : एका निदानाचा इतिहास

जलयानांच्या इतिहासात यंत्राचे चरित्र विस्ताराने लिहिले जाते. मळसूत्राच्या, म्हणजेच प्रोपेलरच्या, वाट्याला बहुधा एखादी तळटीप येते. वस्तुतः अतिवेगवान नौकेची सारी शक्ती अखेरीस काही थोड्या पात्यांतूनच पाण्याला पोचावयाची असते. त्या पात्यांची निवड चुकली तर उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते, आणि त्याहून वाईट म्हणजे दोष यंत्राचाच आहे असा भास होतो. इंग्लंडमध्ये टाइन नदीवर 1894 ते 1897 या काळात ‘टर्बिनिया’ या नौकेच्या बाबतीत नेमके हेच घडले.

चार्ल्स पार्सन्स (1854–1931) याने 1884 मध्ये वाफेचे टर्बाइन सिद्ध केले, ते विद्युत्‌निर्मितीसाठी. तेच यंत्र नौकेत बसवावे म्हणून त्याने 1894 मध्ये एक प्रायोगिक नौका बांधविली. तिची लांबी सुमारे 100 फूट, रुंदी अवघी 9 फूट आणि भार सुमारे 44 टन होता. एवढ्या निमुळत्या नौकेने त्या काळच्या कोणत्याही युद्धनौकेला मागे टाकावे, अशी अपेक्षा होती. परंतु नोव्हेंबर 1894 मध्ये चाचण्या सुरू झाल्या तेव्हा अपेक्षित वेगाच्या जवळपासही ती पोचली नाही. प्रारंभीचे मळसूत्र 30 इंच व्यासाचे होते. त्याच्या जागी दुसरे, मग तिसरे, असे प्रयोग पुढे चालू राहिले. एकाच दांड्यावर 20 इंच व्यासाची तीन मळसूत्रेही ओळीने बसवून पाहण्यात आली. तरी ताशी पावणेवीस सागरी मैलांपलीकडे नौका जाईना.

येथे एका संज्ञेचा विचार करणे अवश्य आहे. लाकडात फिरणारा स्क्रू एका फेऱ्यात आपल्या आट्याइतका पुढे सरकतो. पाणी हे लाकूड नव्हे. ते मागे हटते, आणि मळसूत्र हिशेबापेक्षा कमी सरकते. या तुटीला जहाजबांधणीच्या शास्त्रात ‘घसरण’ म्हणत. थोडी घसरण अटळच असते. किंबहुना तिच्यावाचून रेटा उत्पन्नच होणार नाही. ‘टर्बिनिया’च्या पहिल्या मळसूत्राची घसरण मात्र निम्म्याच्या घरात गेली होती. आता, ‘घसरण’ हा शब्द केवळ तुटीचे माप सांगतो, तिचे कारण सांगत नाही. परंतु घटनेला नाव मिळाले की कारणही हाती आले, असे मनाला वाटू लागते. ही केवळ यंत्रशास्त्राचीच खोड आहे असे नव्हे.

पार्सन्सचे वैशिष्ट्य असे की, नुसती मळसूत्रे बदलीत न बसता संशय कोठे घ्यावा, हे त्याने निश्चित करून घेतले. टर्बाइन आणि मळसूत्र यांच्यामधील दांड्याला किती पीळ बसतो, हे मोजणारे स्प्रिंगचे एक उपकरण त्याने तयार केले. टर्बाइन अपेक्षेप्रमाणे शक्ती देत आहे आणि ती मळसूत्रापाशी वाया जात आहे, असे त्या मापनावरून दिसून आले. या एका मापनाने सागरी टर्बाइनचे भवितव्य वाचविले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. ते झाले नसते तर सर्व दोष नव्या यंत्राच्या माथी बसला असता.

याच सुमारास थॉर्निक्रॉफ्ट यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘डेअरिंग’ या विनाशिकेलाही असाच अनुभव आला होता. पात्यांची रुंदी वाढविताच तिचा वेग पुष्कळ सुधारला. सिडनी बार्नबी याने या घटनेची मीमांसा 1895 मध्ये प्रसिद्ध केली. पात्याच्या प्रक्षेपित क्षेत्राच्या दर चौरस इंचावर रेट्याचा भार सुमारे सव्वाअकरा पौंडांपलीकडे गेला की पात्यामागे पाणी टिकत नाही व तेथे पोकळी पडते, असा त्याचा निष्कर्ष होता. या पोकळी पडण्याला ‘कॅव्हिटेशन’ हे नाव आर. ई. फ्रूड याने सुचविले. ‘पोकळ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेले हे नाव आता जगभर रूढ आहे. ‘घसरण’ या एका शब्दाखाली दडलेल्या दोन भिन्न गोष्टी, म्हणजे पाण्याचे मागे हटणे आणि पाण्याचे तुटणे, या नावाने प्रथमच वेगळ्या झाल्या.

पाणी तुटते म्हणजे काय होते? वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या पाठीवर दाब उतरतो. तो पुरेसा उतरला की थंड पाणीही उकळते. वीस अंश सेल्सिअसच्या पाण्याला त्यासाठी दाब वातावरणाच्या चाळिसाव्या अंशाच्याही खाली यावा लागतो. मग पात्याची पाठ वाफेने व्यापली जाते आणि फेरे वाढवूनही रेटा वाढत नाही. टर्बाइन मिनिटाला सतराशेहून अधिक फेरे घेत असल्यामुळे ‘टर्बिनिया’ या संकटात पुरती सापडली होती.

हे डोळ्यांनी पाहावे म्हणून पार्सन्सने 1895 मध्ये तांब्याची एक बंदिस्त, वर्तुळाकृती फिरणारी जलनलिका तयार केली. आत 2 इंची मळसूत्र होते आणि बाजूला काचेची खिडकी. पाण्यावरची हवा पंपाने काढून दाब कमी केला जाई, म्हणजे थोड्या वेगातही पोकळी पडे. दर फेऱ्याला एकदाच प्रकाश पाडण्याची योजना असल्यामुळे फिरते मळसूत्र स्थिर असल्यासारखे दिसे आणि पात्यावरची पोकळी स्पष्ट पाहता येई. हे उपकरण न्यूकॅसल विद्यापीठाने जपून ठेवले आहे. आज नौकांच्या मळसूत्रांची परीक्षा ज्या प्रचंड जलनलिकांत होते, त्यांचे हे मूळ होय.

उपाय या निदानातूनच निघाला. एका टर्बाइनच्या जागी तीन टर्बाइने, तीन दांडे आणि प्रत्येक दांड्यावर 18 इंच व्यासाची तीन, अशी एकूण नऊ मळसूत्रे 1896 मध्ये बसविण्यात आली. भार नऊ जागी वाटला गेला. 26 जून 1897 रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवानिमित्त स्पिटहेड येथे भरलेल्या आरमारी संचलनात, ही नौका युद्धनौकांच्या रांगांमधून ताशी सुमारे 34 सागरी मैलांनी धावली. पहाऱ्यावरील नौकांना ती आटोपली नाही.

तथापि ही नऊ मळसूत्रे म्हणजे आदर्श निवड नव्हे. मागच्या मळसूत्राला पुढच्याने घुसळलेल्या पाण्यात काम करावे लागते, आणि शक्तीचा अपव्यय होतो. मोठे मळसूत्र सावकाश फिरविणे हाच सरळ मार्ग होता. पण त्यासाठी टर्बाइनचे फेरे दंतचक्रांनी उतरवावे लागतात. तोही मार्ग पार्सन्सने ‘व्हेस्पेशियन’ या मालवाहू जहाजावर 1910 च्या सुमारास सिद्ध केला.

शर्यतीच्या नौकांना मात्र हा मार्ग मानवला नाही. पाण्यात बुडालेले मोठे मळसूत्र, त्याचा दांडा आणि आधार यांचा विरोधच त्यांच्या वेगाला बाधक ठरतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने 1873 मध्ये, पृष्ठभागाजवळील मळसूत्र वरची हवा ओढून घेते आणि त्याची पकड सुटते, हा दोष म्हणून नोंदविला होता. पुढे अल्बर्ट हिकमन याने अमेरिकेत हाच दोष हेतुपूर्वक स्वीकारून अर्धवट बुडणारी मळसूत्रे वापरली. पात्याच्या पाठीवर वाफेऐवजी हवा येऊ द्यावयाची, आणि केवळ पुढच्या पृष्ठभागाने पाणी रेटावयाचे, ही त्यातील कल्पना. वाफेचे बुडबुडे फुटताना धातू कुरतडतात. हवेचे तसे करीत नाहीत. सिॲटलजवळील लेक वॉशिंग्टनवर 26 जून 1950 रोजी ‘स्लो-मो-शन 4’ या नौकेने ताशी 160 मैलांहून अधिक वेग गाठून माल्कम कॅम्बेलचा 1939 मधील सुमारे 141 मैलांचा उच्चांक मोडला, तेव्हा तिचे दोन पात्यांचे मळसूत्र निम्मे पाण्यात आणि निम्मे हवेत फिरत होते.