बयचं नाव

आमच्या घरात आजीला कुणी आजी म्हणत नसे. आम्ही पोरं, चुलत्या, शेजारपाजार, सगळ्यांची ती 'बय'. ती गेली तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. मृत्यूची नोंद करायला वडिलांनी मला ग्रामपंचायतीत धाडलं. ग्रामसेवकांनी रजिस्टर उघडलं. "मयताचं नाव?" मी म्हणालो, "बय." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "अरं, कागदावरचं सांग की." मला ते ठाऊकच नव्हतं. जिच्या मांडीवर वाढलो, तिचं नाव विचारायला मी घरी माघारी आलो.

हे सगळं परवा आठवलं, ते पुतणीमुळं. ती पुण्यात स्पॅनिश शिकते. सुट्टीत गावी आली तेव्हा ओट्यावर बसून सांगत होती, "काका, तिकडं आजीला 'अबुएला' म्हणतात, आणि लाडानं 'अबुएलिता'." स्पेनच्या पूर्वेकडं, कातालोनिया-वालेन्सियाच्या बाजूला, 'याया' म्हणतात म्हणे. ऐकून मला आपली बयच आठवली. पोराच्या तोंडाला सोपं पडेल ते नाव.

पुढं मी थोडं वाचलं. लॅटिनमध्ये आजीला 'आविया' म्हणत. त्याचं लाडकं रूप 'आविओला', आणि त्यातूनच 'अबुएला' आलं. म्हणजे तो शब्द मुळातच लाडाचा. वापरून वापरून त्यातला लाड झिजला, तेव्हा लोकांनी 'इता' लावून पुन्हा लाड चढवला. आपली 'आजी' आली ती संस्कृत 'आर्यिका'वरून, म्हणजे आदराच्या शब्दावरून. आपण 'ज'वर जोर देऊन 'आज्जी' केलं आणि त्यात माया घातली. हिंदीत दादी वेगळी, नानी वेगळी. मराठीत आणि स्पॅनिशमध्ये मात्र दोघींना एकच शब्द. गोव्यातली ख्रिस्ती घरं आजीला 'शामाय' म्हणतात, त्यात तर 'माय' आहेच.

पण 'अबुएला' या शब्दाचा खरा भार मला अर्जेंटिनाच्या इतिहासात कळला. 1976 साली तिथं लष्करानं सत्ता घेतली. 1983पर्यंत हजारो माणसं उचलून नेऊन नाहीशी केली. त्यात गरोदर बायाही होत्या. कोठडीत त्यांची बाळंतपणं झाली, पुढं त्यांना मारलं आणि लेकरं दुसऱ्यांच्या घरी, दुसऱ्याच नावानं वाढवली. 1977मध्ये त्या लेकरांच्या आज्या एकत्र आल्या. राजधानी ब्वेनोस आइरेसमधल्या चौकावरून त्यांच्या संघटनेचं नाव पडलं, 'प्लासा दे मायोच्या आज्या'. डोक्याला पांढरे रुमाल बांधून या म्हाताऱ्या उभ्या राहिल्या.

आईबाप हयात नाहीत, मग नातं सिद्ध कसं करायचं? आज्यांनी शास्त्रज्ञांनाच गाठलं. आमचं रक्त घ्या नि त्यावरून नातवंड ओळखा, म्हणाल्या. 1984च्या सुमारास ती रीत हाती आली आणि तिला नाव मिळालं 'आजीपणाचा निर्देशांक'. 1987मध्ये सरकारनं त्यासाठी जनुकीय माहितीची राष्ट्रीय पेढी काढली. आजवर शंभराहून जास्त नातवंडं सापडली. संघटनेच्या अध्यक्षा एस्तेला दे कार्लोतो यांना त्यांचा नातू 2014मध्ये भेटला. त्या 83 वर्षांच्या, तो 36 वर्षांचा. त्याच्या आईनं त्याचं नाव ग्वीदो ठेवलं होतं, वाढला तो इग्नासिओ म्हणून. त्यानं इग्नासिओ हे नाव तसंच ठेवलं, आणि आडनावात कार्लोतो घेतलं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तिथं आज्यांनी नातवंडांची नावं शोधायला आयुष्य घातलं. आणि मी?

वडिलांनी सांगितलेलं नाव मी त्या दिवशी रजिस्टरात लिहून आलो. पण दहाव्याला बयची धाकटी बहीण आली, तिनं उंबऱ्यातच गळा काढला आणि बयला हाक मारली ती भलत्याच नावानं. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. मग उलगडा झाला. ते तिचं माहेरचं नाव. आम्ही कागदावर चढवलं ते सासरचं, लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलेलं. साठेक वर्षं या घरात काढली, पण त्या नावानं तिला इथं कुणी हाक मारली नव्हती.

ते नाव मी इथं लिहीत नाही. 'सांगू का लोकांना?' असं तिला विचारायचं राहून गेलं. पुतणीला मात्र सांगितलं. तिनं वहीत 'अबुएला'च्या खाली लिहून घेतलं.