दातखीळ, कवळी आणि चकती : जबड्याच्या सांध्याच्या निदानाचा इतिहास

‘दातखीळ बसली’ असे आपण मराठीत सहज म्हणतो. धनुर्वातात बसते ती दातखीळ, फिट आल्यावर बसते तीही दातखीळ, आणि भीतीने वाचा बंद झाली तरी शब्द तोच. या शब्दात लक्षण कळते, कारण कळत नाही. वैद्यकालाही या बाबतीत फार काळ याहून बरे जमलेले नाही.

एक काल्पनिक रुग्ण समोर ठेवू. जयपूरच्या जगतपुरा भागात वसतिगृहात राहून शिकणारी एक विद्यार्थिनी आहे. परीक्षेच्या दिवसांत सकाळी तिचा जबडा आखडलेला असतो, घास चावताना कानापुढे ‘टक्’ असा आवाज येतो, आणि एके दिवशी जांभई देताना तोंड अर्ध्यावरच अडकते. ही मुलगी १९३५, १९७० किंवा १९८५ साली त्या त्या काळातल्या नामवंत तज्ज्ञाकडे गेली असती, तर तिला तीन वेगळी निदाने आणि तीन वेगळे उपचार मिळाले असते.

आधी तुमचे बोट कानाच्या किंचित पुढे ठेवा आणि तोंड उघडा. बोटाखाली जे हलते तो हनुसंधी. खालच्या जबड्याचे टोक कवटीच्या खोबणीत आधी फिरते आणि मग पुढे सरकते; दोन्हींच्या मध्ये एक लवचीक चकती असते. हाड एकच आणि सांधे दोन, म्हणून एका बाजूची खोड दुसऱ्या बाजूला त्रास देते.

या सांध्याचा एक विकार मात्र प्राचीनांना पक्का ठाऊक होता, तो म्हणजे जबडा निखळणे. तोंड ‘आ’ वासलेले राहते आणि मिटत नाही, त्यामुळे निदानाला डोळे पुरतात. इ.स.पू. १६०० च्या सुमाराच्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये अंगठे तोंडात आणि बोटे हनुवटीखाली ठेवून जबडा बसवण्याची रीत दिली आहे. चरकसंहितेच्या वातव्याधी-चिकित्सेत हनुग्रहाचे वर्णन आहे: शेक द्यावा, अंगठ्यांनी जबडा दाबावा, तर्जनींनी उचलावा आणि हनुवटी वर न्यावी. सुश्रुताने जबडा बसवल्यावर बांधण्यासाठी पट्टीही सांगितली. आजही जबडा बसवण्याची पद्धत जवळपास हीच आहे.

खरी अडचण सुरू होते ती डोळ्यांना काही दिसत नाही तेव्हा. १९३४ साली अमेरिकेतील सेंट लुईसचे कान-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी ११ रुग्णांवरून एक उपपत्ती मांडली. दाढा गेल्या की जबडा जास्त मिटतो, त्याचे टोक मागे सरकून नसा आणि कानाची नळी दाबते, त्यातून कानदुखी, चक्कर, डोकेदुखी येते, असे त्यांचे म्हणणे. यावर उपाय म्हणजे कवळी किंवा पट्टी लावून दातांचा चावा उंच करणे. उपपत्ती सुटसुटीत होती, लगेच पसरली. १९४८ मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिशर यांनी दाखवून दिले की, सांगितलेल्या पद्धतीने या नसा दाबल्या जाणे रचनेच्या दृष्टीने शक्यच नाही. पण तोवर आजाराला कॉस्टेनचे नाव चिकटले होते आणि दात घासून चावा ‘बरोबर’ करणे पुढे अनेक दशके चालू राहिले. आपल्या विद्यार्थिनीचे दात शाबूत आहेत, तरी ते घासले गेले असते.

पुढच्या पिढीने दातांऐवजी स्नायूंकडे पाहिले. १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी ताण, दात खाण्याची सवय आणि थकलेले स्नायू अशी साखळी मांडली. त्यांच्या गटाने १९७६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. २५ रुग्णांचे दात घासण्याचे निव्वळ नाटक केले. प्रत्यक्षात चाव्यात काहीच बदल केला नाही. तरी १६ जणांचा त्रास पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेला! म्हणजे आधीच्या दशकांत जे ‘गुण आले’ म्हणून सांगितले गेले, त्यातले किती खरे होते, हा प्रश्न उभा राहिला. या विचाराची एक किंमतही होती. या दुखण्यासाठी दवाखान्यात येणाऱ्यांत तरुण स्त्रिया अधिक, आणि ‘ताण आहे’ याचा अर्थ ‘मनाचे खेळ आहेत’ असा घेणे सोपे होते.

आता मुंबईकडे या, कारण तोंड न उघडण्याचे एक कारण सांध्यात नव्हतेच. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातील अस्तर आखडल्याची नोंद केली. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशालगतच्या भागात हाच प्रकार वर्णिला आणि त्याला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हटले. १९६६ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ पिंडबोर्ग आणि मुंबईच्या सत्यवती सिरसाट यांनी त्याची व्याख्या केली. गालाचे अस्तर पांढुरके, ताठ होते आणि तोंड हळूहळू मिटत जाते. मुख्य कारण सुपारी. महाराष्ट्र आणि राजस्थान या दोन्ही राज्यांनी २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी पुडीतली सुपारी खाणारा तरुण ‘जबडा धरलाय’ म्हणत येतो. अशा वेळी सांध्याचा उपचार करत बसलात, तर कर्करोगाच्या वाटेवरची अवस्था हातून निसटते.

सांध्यातली चकती १९७०-८० च्या दशकांत दिसू लागली, आधी रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेवर आणि नंतर एमआरआयवर. सरकलेली चकती दिसली की ती काढायची, असे अमेरिकेत झाले. तिच्या जागी प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचे कृत्रिम तुकडे बसवले गेले. १९८३ पासून ते तिथे बाजारात होते. चावण्याच्या दाबाखाली त्यांचे कण सुटले, शरीराने त्या कणांवर हल्ला केला आणि त्यात हाडही झिजले. १९९०-९१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने इशारा देऊन ते परत मागवायला लावले. तोवर अनेक रुग्णांवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या होत्या. कहर म्हणजे काहीही त्रास नसलेल्या लोकांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जणांची चकती सरकलेली आढळली.

या पार्श्वभूमीवर १९९२ चे आणि नंतर २०१४ चे निदान-निकष वाचा. त्यांत दोन अक्ष आहेत: एक शरीराचा, दुसरा वेदनेने झोप, मन आणि रोजचे काम किती बिघडले याचा. दोन्ही एकाच रुग्णाचे, एकाच वेळी तपासायचे.

आपल्या विद्यार्थिनीचे आज काय होईल? डॉक्टर आधी गालाचे अस्तर पाहतील आणि सुपारीबद्दल विचारतील. मोजपट्टीने तोंड किती उघडते ते मोजतील. सुमारे ४० मिलीमीटरपेक्षा कमी असेल तर सावध होतील. कानापुढे आणि गालाच्या स्नायूंवर बोटांनी दाबून ‘तुझे नेहमीचे दुखणे हेच का?’ असे विचारतील. नुसता ‘टक्’ आवाज असेल, दुखत नसेल, तर काहीही करणार नाहीत. दुखत असेल तर मऊ जेवण, शेक, व्यायाम, थोड्या दिवसांचे वेदनाशामक आणि गरज पडल्यास रात्री दातांवर काढ-घाल करता येणारी पट्टी. अडकलेले तोंड एवढ्याने सुटले नाही तर सांधा सुईने धुण्याची, १९९१ मध्ये पुढे आलेली पद्धत आहे. मोठ्या शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागतात. लहानपणी हनुवटीवर पडून किंवा कान वाहून ज्याचा सांधा हाडाने जुळून गेला आहे, ते मूल त्यांतले पहिले. त्याच्या बाबतीत मात्र थांबून चालत नाही, कारण सांधा बंद असेल तर खालचा जबडा नीट वाढत नाही.